मातामायची बोळवण आणि माझी सुई

आमच्या कामात एक मोठी पंचाईत आहे, ती आधीच सांगून टाकते. सुतारानं पाट केला तर त्यावर बसता येतं, शिंप्यानं झंपर शिवलं तर ते अंगावर दिसतं. मी जन्मभर काय केलं? तर लेकरांना गोवर होऊ दिला नाही. आता न झालेला गोवर दाखवायचा कसा? उलट लोकच मला विचारायचे, "सिस्टर, गावात गोवर त कोठी दिसत नाही, मंग कायले टोचून राहिल्या?" अरे बाप्पा! टोचलं म्हणूनच दिसत नाही ना!

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णा नदीच्या त्या अंगाला वाढलेली, त्यामुळे तोंड जरा फटकळ. नोकरी मात्र सारी अमरावती जिल्ह्यात गेली, अन् शेवटची वर्षं वलगावच्या पुढच्या एका गावातल्या उपकेंद्रात. मोठी माणसं मला सिस्टर म्हणायची आणि पोट्टे म्हणायचे 'सुईवाली'. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की डाव मोडायचा आणि सारी फौज माळ्यावर नाहीतर झाडावर. एका पठ्ठ्याला मी म्हशीच्या गव्हाणीतून ओढून काढलाय. म्हैस बिचारी गप होती, हंबरत होता तोच.

बापांचं तर विचारूच नका. अंजनगाव सुर्जीकडे असताना एक पहिलवान लेकीला मांडीवर घेऊन बसला. मिशीला पीळ, दंडावर ताईत. मी सुई काढली, लेक माझ्याकडे पाहून बोळकं पसरून हसली आणि पहिलवान धाडकन आडवा! मी आधी लेकराला टोचलं, मग बापाच्या तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं विचारलं, "कोणी पाह्यलं त नाही ना?" साऱ्या गावानं पाहिलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टोचण्यात काय एवढं? टोचणं सोपंच आहे हो. अवघड आहे ते लेकरं गोळा करणं. लस म्हणजे नाजूक जीव, ऊन सोसत नाही, म्हणून बर्फाच्या डब्यातून खांद्यावर न्यावी लागते. गोवरच्या लसीची बाटली एकदा उघडली की थोड्याच तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून सारी लेकरं एका जागी, एका वेळी पाहिजेत. आणि आमच्या गावात फुलवाल्यांची एक गल्ली होती, तिचा वेळ माझ्या वेळेशी कधी जुळायचाच नाही. पहाटे झेंडू-शेवंती तोडायची, गडीमाणसांनी ती अमरावतीच्या बाजारात न्यायची, बायांनी मळ्यातच निंदण-पाणी उरकायचं. सकाळी मी डबा घेऊन हजर, तर दारांना कड्या. त्यामुळे तिथल्या काही लेकरांचा पहिला डोस झालेला, दुसरा राहिलेला, अन् काहींचा एकही नाही.

त्या वर्षी पोळा सरला आणि एका दुपारी मी त्या गल्लीत शिरले. दुपारच्या वेळी तिथं लसणाच्या फोडणीचा ठसका लागल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या दिवशी मात्र ठसका नाही, वास नाही, काहीच नाही. चुली तर पेटलेल्या दिसत होत्या. मी काय ते ओळखलं.

आमच्याकडे गोवर निघाला की 'माता आली' म्हणतात. माता म्हणजे पाहुणी. ती घरात आहे तोवर फोडणी द्यायची नाही, सुई-कातरी-विळा यांना हात लावायचा नाही, लेकराला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायचं आणि दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा. लेकरू बरं झालं की दहीभाताचा निवद घेऊन गल्लीच्या टोकाला मातामायच्या ओट्यावर जायचं आणि तिची बोळवण करायची. इथं दारांवर डहाळे नव्हते. मी टोकाच्या घरी, उज्ज्वलाच्या दाराचा पडदा सारला. डहाळा होता, पण आतल्या अंगाला! सणावारांचे दिवस तोंडावर, आणि माता आलेल्या घरची फुलं कोणी घेतली नाहीत तर, या भेवानं डहाळा लपवलेला. लपवायचाच होता तर थोडा कांदा-लसूणही परतायचा होता. पण तेवढं पाप करायची कोणाची छाती झाली नव्हती.

आत उज्ज्वलाचा मुलगा निजला होता. डोळे लालभडक, नाक गळतंय, अंगभर पुरळ. मी हात पुढं केला तेवढ्यात तिची सासू काशीमाय आडवी आली. काशीमाय म्हणजे त्या गल्लीचा कायदा. घरापुढच्या मातामायच्या ओट्याचं सारं तिच्याकडे, तिनं हो म्हटल्याशिवाय गल्लीत लग्नाची तिथीही निघायची नाही.

"सुई नाही काढाची," ती म्हणाली. "माता बसली हाय घरात."

"नाही काढत माय. हे थेंब आहेत, डोळ्यासाठी अन् ताकदीसाठी. तोंडातून द्याचे."

"तोंडातून ना? मंग दे."

जीवनसत्त्वाचे थेंब दिले, तापाचं औषध दिलं, छाती तपासली. पोरगा तसा ठीक होता. पण शेजारच्या घरातही एकीला ताप चढला होता, आणि गोवर म्हणजे किती पसरणारा! एकानं खोकावं आणि खोलीतल्या साऱ्यांनी तयारी ठेवावी. बाकीच्या लेकरांना टोचू द्या म्हणून मी काशीमायला विनवलं. ती म्हणाली, "माता गल्लीत हाय तवालोक सुई गल्लीत नाही. झालं."

मी पाय आपटत उपकेंद्रात आले आणि फोन वाजला. नागपूरहून वैशाली.

वैशाली आमच्याच गावची सून, शेतकऱ्याच्या घरची. तिची पाच वर्षांची परी, तिला रक्ताचा कॅन्सर. कितीतरी महिने दोघी नागपुरात भाड्याच्या खोलीत राहत होत्या, दवाखाना ते खोली, खोली ते दवाखाना. आता इलाजाचा अवघड भाग सरला होता. डॉक्टरांनी दसऱ्याला घरी न्यायला परवानगी दिली होती, पण एक अट घालून. गावात गोवर असेल तर न्यायचं नाही. कारण परीला गोवरची लस देताच येत नव्हती. त्या लसीत गोवराचाच जंतू असतो, अगदी दुबळा केलेला. धडधाकट लेकराचं शरीर त्याच्याशी खेळून खेळून खऱ्या गोवराशी लढायला शिकतं. परीच्या अंगात ते खेळण्याइतकंही बळ नव्हतं. आणि खरा गोवर झाला तर तिचं काय होईल, हे मला आणि वैशालीला दोघींनाही ठाऊक होतं. त्यावर आम्ही बोलत नव्हतो.

"सिस्टर, पोरगी रोज इचारते, घरी कधी जाचं. गावात कायी नाही ना? मी तिले आणू ना?"

काय सांगणार होते मी? "थांब," म्हटलं. "मी ये म्हणल्याशिवाय येऊ नको."

मग फोन परीनं ओढून घेतला. "सुईवाली आजी, मले तुह्यापेक्षा मोठ्या मोठ्या सुया टोचतात. मी रडत नाही. येऊ का मी?"

मला रडू आलं, दुसरं काय! फोन ठेवला आणि तिथंच ठरवलं, काशीमायचा कायदा पाहून घेते.

पहिल्यांदा केला तो अगदी सरकारी उपाय. आमचे नवे डॉक्टर, पोरगेला माणूस, कामाला फार चांगला. त्यांनी ऑटोवर भोंगा बांधला आणि ऐन गल्लीत उभे राहून समूह-प्रतिकारशक्तीवर भाषण केलं. तो शब्द एका दमात म्हणता येईल असा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय. माता घरात असताना तर भांड्याचाही आवाज करत नाहीत, आणि आम्ही भोंगा लावलेला! दारं धडाधड लागली. काशीमाय ओट्यावरून कडाडली, "पाहुनी निजली हाय अन् तुमी बँड लावता? काही रीत-भात शिकवली का नाही मायबापानं?" डॉक्टर बिचारे मला विचारतात, "सिस्टर, पाहुणी कोण?"

दुसऱ्या दिवशी मी डबा घेतला नाही, पिशवी घेतली नाही. दुपारी रिकाम्या हातानं गेले आणि ओट्याशेजारी काशीमाय हार ओवत बसली होती, तिथं जाऊन बसले. तिच्या टोपल्यातला झेंडू घेऊन देठ खुडायला लागले. अर्धं टोपलं खुडून झालं.

मग मी म्हटलं, "माय, हरभऱ्याच्या वावराभोवती करडई कावून पेरतात?"

"आता मले शेती शिकवतं का वो?"

"सांगा त."

"करडईले काटे राह्यतात. ढोर तोंड नाही घालत. आतला हरभरा वाचते."

"हरभऱ्याले काटे असतात?"

"त्याले कोठचे काटे बाप्पा!"

"अन् करडईच्या ओळीत मधातच जागा सुटली त?"

"मंग ढोर थेटच शिरते. त्याले बराबर समजते."

"वैशालीची परी हरभरा हाय, माय. तिले काटे लावताच येत नाहीत. पाळण्यातली लेकरं हायत, त्यायलेबी अजून लस देता येत नाही. त्यायच्या भोवतालची पोट्टी टोचली त गोवराले आत शिराले जागा राह्यत नाही. अन् तुमची गल्ली म्हंजे सुटलेली जागा."

काशीमायचा हात थांबला. परी नागपूरला आहे हे तिला ठाऊक होतं. गाव म्हटल्यावर कोणाला ठाऊक नसतं? पण बुढी सहजी हार मानणारी नव्हती. डोळे बारीक करून म्हणाली, "म्हंजे दुसऱ्याच्या लेकीसाठी माह्या नातवाइले काटे लावतं तू?"

"करडई काय निस्ती हरभऱ्यासाठी असते? तिचं तेल कोण खाते, माय?"

बुढी एवढ्या जोरात हसली की मांडीवरची फुलं खाली सांडली. "लयच वस्ताद हायस वो तू!"

आतून उज्ज्वला बाहेर आली. सासूपुढं कधी तोंड न उघडणारी बाई, पण त्या दिवशी बोलली. "खरंच हाय ना, आत्याबाई. मागं गल्लीत गोवर घुसला थ्या वक्ती आख्खा दसरा हातचा गेला. एक लेकरू उठे त दुसरं पडे. तोडनीले कोन जाईन? झेंडू झाडावरच काळा पडला. अन् धाकट्याच्या छातीत कफ भरला त दवाखान्यात जो पैसा गेला थो अलगच."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. शहरातल्या लोकांना वाटतं, लस म्हणजे आरोग्याचा मामला. अहो, तो घरखर्चाचा मामला आहे! लेकरू तापलं की आई घरी बसते, आई बसली की तोडणी बसते, तोडणी बसली की बाजार बुडतो. ऑटो, औषधं, सलाईन, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बापाची बुडालेली मजुरी. बरं, झेंडू काही लेकरू बरं होईपर्यंत थांबत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला गाय विचारत नाही. फुकटातल्या एका सुईनं हे सारं टळतं, आणि टोचलेल्याचंच नाही, अख्ख्या गल्लीचं टळतं. पूर्वी गोवराच्या दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन लेकरं मी पाहिली आहेत. आता त्या खाटा दुसऱ्या पेशंटांना मिळतात आणि कोणालाच त्यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं. मी त्या खाटांजवळून जाताना अजूनही खुशीत जाते.

काशीमायनं सांडलेली फुलं वेचली. "तुहं समदं पटलं. पन माता गल्लीत हाय. तिच्यापुढे सुई कशी काढू?"

"बोळवण कधी करता?"

"लेकराचं आंग उतरलं का."

"उज्ज्वलाच्या पोराचं उतरून राहिलं. पण शेजारी निघाला. तिथून आणखी पुढच्या घरी जाईन. मंग बोळवण कधी?"

बुढी विचारात पडली. तिनं ओट्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं. मी पुढं काही बोलले नाही, आणि मला गप बसणं किती जड जातं हे माझ्या नवऱ्याला विचारा. शेवटी काशीमायच म्हणाली, "पाहुनीले दारोदार फिरवनं काई बरं नोहे. अन् परीच्या घरी त थे गेलीच नाही पायजे. थ्या घरी आधीच लय झालं. उद्या साऱ्या गल्लीची मिळून एकच बोळवन करतो. तिले शिवेपार लावून देऊ. थ्यानंतर तू तुही सुई आन." आणि लगेच बोट रोखून, "पन निवद आगुदर. सुई मागून!"

"हाव माय, निवद आगुदर!"

अशी बोळवण त्या गावानं पाहिली नव्हती. डफडं वाजवत गल्ली निघाली, बायांच्या डोक्यावर दहीभाताच्या थाळ्या, काशीमाय पुढं, आणि शेवटी मी अन् आमचे डॉक्टर, बर्फाचा डबा घेऊन. तापलेली लेकरं घरी ठेवली होती. मातामायला निवद दाखवला, शिवेपर्यंत जाऊन नारळ फोडला, आणि ओट्यापाशी परत येऊन काशीमाय म्हणाली, "चला, आता लायनीत लागा!" ओट्यापासून थोडं बाजूला, लिंबाखाली आम्ही टेबल मांडलं. पळणाऱ्या पोट्ट्यांना यंदा मला पकडावं लागलं नाही. काशीमायच मानगुटीला धरून आणत होती. एक आई कुरकुरली, "याले जरासा खोकला हाय, मंग पाहू." काशीमाय म्हणाली, "करडईत जागा सोडतं का? बसव इथं!" तिला ते वाक्य इतकं आवडलं होतं की दिवसभर ती येईल त्याला ऐकवत होती. डॉक्टरांनीही भोंग्यावरचा तो लांबलचक शब्द कायमचा सोडला आणि पुढच्या गावात करडई सांगायला लागले. ते नागपूरचे नसते तर त्यांना वऱ्हाडी म्हटलं असतं.

टोचलं म्हणजे लगेच सुटलो असं नसतं. लस अंगी लागायला दिवस जातात. आधीच शिरलेला ताप आणखी दोन घरांत निघाला. पुढचे आठवडे मी रोज त्या गल्लीत जायचे, प्रत्येक लेकराचं कपाळ चाचपायचे. वैशालीचा फोन आला की "अजून नाही" म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी ती "बरं" म्हणायची. ते "बरं" मला रात्री झोपू द्यायचं नाही. पण नवीन पुरळ निघेना. बरी झालेली लेकरं परत हुंदडायला लागली. घट बसायच्या आत मी डॉक्टरांशी बोलले, त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, आणि मग मी फोन केला.

"वैशाली, ये."

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग परीची आरोळी, "आई, पिशवी भर!"

परी आली, पण वैशाली तिला उंबऱ्याबाहेर सोडेना. पोरगी खिडकीच्या गजांना धरून रस्त्यावरची लेकरं पाहायची. वैशालीचं तरी काय चुकत होतं? इतके महिने जिनं हात धुऊन धुऊन लेकीला जपली, तिला मोकळं सोडणं कसं जमावं?

अष्टमीला काशीमाय त्यांच्या दारात उभी राहिली. मी तिथंच होते. झेंडूचं टोपलं काखेत, आणि चेहऱ्यावर बाजार चांगला झाल्याचा आनंद. यंदा गल्लीतल्या साऱ्या बाया तोडणीला होत्या. "मातामायच्या ओट्यावर कुमारिका जेवू घालतो," ती म्हणाली. "तुही पोरगी पायजे."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत एकच प्रश्न होता, आणि उत्तर चुकलं तर काय, हे मला पुरतं कळत होतं. मी सकाळीच साऱ्या पोरींची कपाळं चाचपून आले होते, डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं.

"जाऊ दे," म्हटलं. "मोकळ्या हवेत आहे. ताट, पाणी घरचं ने. बाकी माझ्यावर सोड."

ओट्यापाशी गल्लीतल्या पोरी रांगेत बसल्या होत्या, वेण्या घातलेल्या, फुलं माळलेल्या. काशीमायनं एकेकीचे पाय धुतले, कुंकू लावलं, आणि वेणीत झेंडू खोचत पुढं सरकली. परीपाशी आली तेव्हा परीनं हळूच डोक्यावरची टोपी काढली. इलाजात तिचे सारे केस गेले होते. वैशालीनं पदर तोंडाशी नेला.

"आजी, मले केसं नाहीत," परी म्हणाली. "फूल कोठी लावशीन?"

काशीमायनं मागं वळून ओट्याकडे पाहिलं. तिथं मातामाय होती, म्हणजे शेंदूर फासलेला एक गुळगुळीत गोल दगड, आणि त्याच्या माथ्यावर ठेवलेली फुलं.

"आमच्या मातामायले कोठी केसं हायत वं?" ती म्हणाली. "तिले आमी डोक्यावरच वाह्यतो."

परीनं एकदा त्या दगडाकडे पाहिलं, खुदकन हसली, आणि आपलं डोकं पुढं केलं.